दोन ग्लास शेजारी-शेजारी: नाशिकमध्ये वाइन पारखायला शिकताना

निफाड तालुक्यातले आमचे तात्या आयुष्यभर खायच्या द्राक्षांचा बाग सांभाळत आले. घड तोडणीला आला का, असं विचारलं की ते रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) खिशातून काढायच्या आधी घडाच्या शेंड्याचा एक मणी तोडून तोंडात टाकतात. वरच्या खांद्याचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी, म्हणून शेंडा गोड लागला की घड झाला. पण ते तिथे थांबत नाहीत. शेजारच्या ओळीतला एक मणी, मग कडेच्या ओळीतला, मग मधल्या ओळीतला. मी लहानपणी विचारलं होतं, "तात्या, एक खाऊन कळत नाही का?" ते म्हणाले, "एक खाल्ला तर गोड एवढंच कळतं. दुसरा खाल्ला की किती गोड ते कळतं."

वाइन चाखायची पद्धत यापेक्षा वेगळी नाही. मी कित्येक वर्षं एका वेळी एकच ग्लास घेत होतो आणि 'छान आहे', 'बरी आहे' याच्यापुढे सरकत नव्हतो. ज्या दिवशी दोन शेनिन ब्लाँ (द्राक्षाच्या याच नावाच्या जातीची व्हाइट वाइन) शेजारी-शेजारी ठेवल्या, त्या दिवशी दहा मिनिटांत जे कळलं ते आधीच्या वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात एक नियम पक्का धरा: ग्लास कधीही एकटा नको.

आधी ओट्यावरचा सराव

वाइनची बाटली आणायच्या आधी स्वयंपाकघरात अर्धा तास घालवा. वाइनमध्ये जिभेला आणि तोंडाला जे जाणवतं ते मोजकंच असतं: आंबटपणा, गोडी, तुरटपणा, थोडा कडवटपणा आणि अल्कोहोलची ऊब. बाकीचं सगळं नाकाचं काम.

एका ग्लासात पाणी आणि अर्धं लिंबू पिळा. घोट घ्या, थुंका आणि मान किंचित खाली घाला. तोंडाला किती पाणी सुटतं, किती वेळ सुटत राहतं, ते बघा. आंबटपणा असा मोजायचा, लाळेवरून. आता त्याच पाण्यात चमचा-चमचा साखर घालत चाखत जा. आंबट कमी लागायला लागेल, पण मान खाली घातली की लाळ तेवढीच सुटेल. साखरेने लिंबू कमी केलं नाही, नुसतं झाकलं. एका टप्प्याला ते चांगलं सरबत होतं. त्याच्या अलीकडे आंबट, पलीकडे पाक. वाइनचे जाणकार ज्याला समतोल म्हणतात तो हाच, आणि चांगलं सरबत ओळखणाऱ्या प्रत्येकाला तो आधीपासून कळतो.

मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दोन प्रकारे करा. एक दोन मिनिटं मुरलेला, दुसरा दहा मिनिटं. दोन्ही गार करून चाखा. दुसऱ्यात जीभ टाळूला चिकटते, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. हा तुरटपणा, टॅनिन. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं यांच्यातला तोच. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. नवखी माणसं या दोघांत हमखास गल्लत करतात आणि रेड वाइनला सरसकट 'आंबट' किंवा 'कडू' म्हणतात. लिंबूपाणी आणि काळा चहा एकदा पाठोपाठ घेतलेत की ही गल्लत कायमची संपते.

वाइनचं अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, समजायला ताक, दूध आणि बासुंदी हे तीन घोट पुरेत.

वेळ, जागा आणि ग्लास

सकाळी अकराच्या सुमाराला जीभ सगळ्यात ताजी असते. नाश्त्याला मिसळ खाल्ली असेल तर त्या दिवशी चाखणं सोडून द्या. काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा तोंडातून जायला दुपार होते. पान, सुपारी, तंबाखू, पुदिन्याची गोळी, काहीही नको. अत्तर लावू नका. खोलीत उदबत्ती लावलेली नको आणि शेजारी फोडणी चाललेली नको.

ग्लास पातळ काचेचा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास आत साठतो. चाखण्यासाठी जगभर वापरला जाणारा आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानकाचा) ग्लास साधारण 215 मिलीचा असतो आणि त्यात 50 मिलीच ओततात. तो मिळाला नाही तर हरकत नाही, पण सगळे ग्लास एकसारखे हवेत. एक उभट आणि एक पसरट असेल तर तुम्ही वाइनची नाही, ग्लासांची तुलना करत बसाल. साबणाचा वास राहिलेला नको. गरम पाण्याने धुऊन उलटे न ठेवता सुती फडक्याने पुसा.

तापमानाबद्दल मात्र नाशिककरांनी जरा जास्त लक्ष द्यायला हवं. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असं सगळीकडे वाचायला मिळतं. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेर 38-40 अंश असताना घरातली बाटली तीसच्या घरात असते, आणि इतक्या गरम रेडमध्ये अल्कोहोल नाकात जातं, फळ हरवतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच उघडा. व्हाइट उलट फ्रीजमधून काढून थेट ओतली तर इतकी गार असते की वासच येत नाही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, 8 ते 10 अंशांवर येऊ द्या. एकाच व्हाइटचा एक ग्लास फ्रीजमधून काढल्याबरोबर आणि दुसरा वीस मिनिटांनी, असं करून बघा. दोन वेगळ्या वाइन वाटतील.

आणि थुंकायला एक भांडं. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं असभ्य, त्यामुळे सुरुवातीला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण हिशेब करा. सहा वाइनचे 50 मिलीप्रमाणे 300 मिली झाले. 13 टक्के धरले तर जवळजवळ 39 मिली शुद्ध अल्कोहोल. पाचव्या-सहाव्या वाइनला तुमचं नाक आणि निर्णय दोन्ही कामाला येणार नाहीत. वायनरीच्या (वाइन बनवणाऱ्या कारखान्याच्या) टेस्टिंग रूममध्ये बिनधास्त भांडं मागा, त्यांच्याकडे ते असतं. आणि गाडी चालवणाऱ्याने थुंकूनसुद्धा चाखू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गंगापूर धरणाकडून शहरात येणारा रस्ता शनिवार-रविवारी कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

बघा, हुंगा, मग घोट

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. व्हाइट पाण्यासारखी फिकी आहे, गवती हिरवट झाक आहे, की गव्हाच्या काडासारखी पिवळी? रेड जांभळी आहे, डाळिंबी आहे, की कडेला विटकरी? हे फक्त टिपून ठेवा. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवर लोक बरंच बोलतात. ते अल्कोहोल आणि साखरेचा अंदाज देतात, दर्जाचा नाही.

पहिला वास ग्लास न हलवता घ्या. मग तीन-चार वेळा गोल फिरवून पुन्हा. लांब श्वास ओढू नका, मांजर हुंगते तसे छोटे छोटे श्वास. नाक लवकर थकतं. थकलं की आपल्याच मनगटाची आतली बाजू हुंगा, ते पुन्हा मूळपदावर येतं.

आता वासाला नाव द्यायचं. इथे बहुतेक लोक अडतात, आणि त्याला कारण आहे. बाटलीमागच्या चिठ्ठीवर गूजबेरी, ब्लॅककरंट, हनीसकल लिहिलेलं असतं. जे फळ आपण कधी खाल्लं नाही त्याचा वास ग्लासात कसा सापडणार? अमेरिकेतल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी 1984 साली वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं: आतल्या वर्तुळात ढोबळ गट, बाहेर बारीक तपशील. त्यांचा उद्देश हाच होता की लोकांनी 'भारदस्त', 'उमदी' असली विशेषणं सोडून माहितीतल्या वस्तूंची नावं घ्यावीत. मग आपल्या माहितीतल्या वस्तू कोणत्या?

माझ्या वहीत पहिल्या पानावर असं चक्र मराठीत आहे. फळांमध्ये पेरू, कैरी, अननस, पपई, करवंद, जांभूळ, आवळा, तुती, मनुका. हिरव्या वासांत ढोबळी मिरची, सोलाणे, लिंबाची पानं, ओलं गवत. फुलांत सोनचाफा, मोगरा, गुलकंद. मसाल्यांत मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री. मातीचे वास: पहिल्या पावसाची माती, ओली वाळू. बाकी मध, काकवी, लोणी, ओलं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, चामड्याची चप्पल, धूर. हे चक्र तुमचं तुम्ही करा. मंडईत जाल तेव्हा पेरू विकत घेण्याआधी डोळे मिटून हुंगा, मिरीचा डबा उघडा, दालचिनी मोडा. वाइनचा अभ्यास निम्मा तिथेच होतो.

आणि हे वास कविकल्पना नाहीत. सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाइनमधला ढोबळी मिरचीचा वास पायराझिन नावाच्या रसायनाचा, तेच रसायन ढोबळी मिरचीतही असतं. शिराझ या रेड वाइनमधली मिरी रोटंडोन या रसायनाची, काळ्या मिरीत तेच. ही मिरी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये उलगडली आणि त्यांना असंही दिसलं की सुमारे पाचांतल्या एकाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा सगळे 'मिरी, मिरी' म्हणत असताना तुम्हाला काही जाणवलं नाही तर हो ला हो मिळवू नका. वहीत 'मला नाही' असं लिहा.

मग घोट. बेताचा, तोंडभर नको. सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. आता मनातल्या मनात आकडे मोजा. चव तीन-चारला संपली तर आखूड, दहाच्या पुढे रेंगाळली तर लांब. पण जे रेंगाळतंय ते फळ आहे की नुसता कडवटपणा, हेही बघा.

फळाचा वास आला की वाइन गोड आहे असं वाटतं. हा फसवा भाग आहे. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. वास जाईल. जिभेवर जी उरेल तीच खरी गोडी.

पहिल्या जोड्या

सुरुवातीच्या महिन्यात मी या जोड्या सुचवीन, प्रत्येक रविवारी एक.

पहिली, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ, दोन्ही नाशिकच्या. नाशिकच्या सुला वायनरीने 2000 साली बाजारात पहिल्या वाइन आणल्या त्या याच दोन. इथली शेनिन बहुतेकदा किंचित गोडसर बनवतात, पेरू-अननसाच्या अंगाची. सोव्हिन्यों कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, हिरवी, लिंबाच्या पानांची. नाक चिमटीत धरण्याचा प्रयोग इथे करा. आणि जेवताना मिसळीबरोबर किंवा झणझणीत रश्श्याबरोबर काय चालेल असं कुणी विचारलं तर हीच गोडसर शेनिन. थोडी साखर तिखट शांत करते, तर तुरट, जड रेड तिखट भडकवते.

दुसरी, लाकडात मुरलेली आणि न मुरलेली शिराझ. एकाच वायनरीची साधी आणि रिझर्व्ह (लाकडी पिंपात मुरवलेली खास वाइन) घेतलीत तर उत्तम, कारण मग फरक ओक लाकडाचाच जास्त. व्हॅनिला, ओलं खोबरं, लवंग, धूर हे लाकडाचे वास. ते फळाला धरून आहेत की फळावर बसलेत? फळ शोधावं लागत असेल तर लाकूड जास्त झालं.

तिसरी, फसफसणारी. दिंडोरीला शांदोनची वायनरी आहे आणि तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पारंपरिक पद्धत वापरतात. तिच्याशेजारी एखादी साधी व्हाइट ठेवा. बुडबुडे सोडून वासावर लक्ष द्या: ताज्या पावाचा, खमिराचा वास येतो तो बाटलीत मेलेल्या यीस्टबरोबर वाइन राहिल्यामुळे.

चौथी, लेट हार्वेस्ट शेनिन आणि साधी शेनिन. पहिलीत मणी वेलीवर जास्त पिकू देतात. ती गोड असणारच. प्रश्न हा की गोडीच्या मागे आंबटपणा उभा आहे का. सरबत आठवा.

प्रदेश कसा चाखायचा

नाशिक विषुववृत्तापासून साधारण 20 अंशांवर, म्हणजे जगातल्या बहुतेक वाइनप्रदेशांपेक्षा खूपच दक्षिणेला. तरी इथे वाइनची द्राक्षं जमतात ती समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीमुळे आणि थंडीतल्या रात्रींमुळे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो हे दरवर्षी बातम्यांत येतं. दिवसा ऊन साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी), दोन छाटण्या आणि एक पीक. तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. मार्चचं ऊन तापलं की आंबटपणा भराभर पडतो, त्यामुळे घाई असते. तोडणीच्या वेळी साखर साधारण 22 ते 24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप), ब्रिक्सला 0.55 ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. 24 ब्रिक्सची 13 टक्क्यांच्या आसपासची वाइन होते.

तेव्हा नाशिकच्या वाइनमध्ये मी पिकलेलं फळ गृहीत धरतो आणि आंबटपणा शोधतो. उन्हाच्या प्रदेशात तोच मिळवणं अवघड. थंड प्रदेशाच्या वाइनमध्ये उलट: आंबटपणा असणारच, फळ पुरेसं पिकलंय का ते बघायचं. दोन्हींना एकच फूटपट्टी लावली तर एकावर तरी अन्याय होतो.

तुलनेसाठी एकच जात, दोन गावं. नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ आणि न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची: मार्लबरोचा हिरवा वास ग्लास नाकाशी नेण्याआधीच येतो, आंबटपणा धारदार असतो. शेनिनचं मूळ गाव फ्रान्सचं ल्वार खोरं, पण तिची सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत. तिकडची एखादी कोरडी शेनिन आपल्या गोडसर शेनिनशेजारी ठेवली की कळतं, एकाच वेलीकडून किती वेगळी कामं करून घेता येतात. शिराझसाठी ऑस्ट्रेलियाची बरोसा: तिकडची जॅमसारखी दाट, अल्कोहोल चढतं. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात तिलाच सिरा म्हणतात, ती मिरीची आणि सडपातळ.

आयात बाटल्या महाग पडतात. चार-पाच जणांनी वर्गणी काढली तर हा खर्च जमतो, आणि पाच नाकं एका नाकापेक्षा नेहमीच बरी. देशातच बघायचं तर अकलूजला फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे (मूळ इटालियन जातीची रेड), बेंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वायनरीच्या रेड. आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दिंडोरी आणि इगतपुरी. इगतपुरीकडे पाऊस जास्त, हवा वेगळी. 'नाशिक व्हॅली वाइन' असं भौगोलिक मानांकन असलं तरी ही खोरी एकसारखी नाहीत.

वय

वय कळायला संयम लागतो आणि थंड जागा. आधी लेबलवरचं साल नीट वाचा. ते तोडणीचं साल. 2023 लिहिलेली नाशिकची वाइन जानेवारी ते मार्च 2023 मधली. फ्रान्सची 2023 मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरची. म्हणजे साल तेच, पण आपली बाटली सहा महिन्यांहून अधिक मोठी.

जुनी झाली की रेडचा जांभळा रंग उतरून विटकरी होतो, व्हाइटचा उलट चढून सोनेरी होतो. रेडमधलं टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतं, काही तळाशी गाळ होऊन बसतं, त्यामुळे तुरटपणा मऊ लागतो. ताजी करवंदं-जांभळं जाऊन मनुका, चामडं, वाळलेली पानं येतात. व्हाइटमध्ये मध, सुका मेवा. जुन्या रीसलिंग या व्हाइटमध्ये चक्क रॉकेलचा वास येतो आणि तो दोष मानत नाहीत.

पण जुनी म्हणजे चांगली हा गैरसमज मनातून काढा. जगातली बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. नाशिकची साधी व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) मी शक्यतो दोन वर्षांच्या आतली घेतो, दुकानात साल बघूनच. निवडक रिझर्व्ह रेड चार-पाच वर्षं धरतात. टिकण्यासाठी आधी टिकवणाऱ्या गोष्टी हव्यात: आंबटपणा, टॅनिन, आणि भरपूर फळ. तरुणपणी जिच्यात हे नाही ती म्हातारपणी मिळवणार कुठून?

एकदा एका दुकानातून मी शिराझची जुनी बाटली हौसेने आणली. काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळे काढलेली. उघडली तर शिजलेल्या जॅमचा वास, चवीला सपाट. वय तिला उन्हाने आणलं होतं. तेव्हापासून मी दुकानात आधी ऊन कुठून येतं ते बघतो.

घरी हा प्रयोग करा: आवडलेल्या रिझर्व्ह रेडच्या एकाच सालच्या तीन बाटल्या घ्या. एक आत्ता उघडा आणि सविस्तर नोंद लिहा. उरलेल्या दोन वाइनच्या लहान फ्रीजमध्ये 12 ते 15 अंशांवर, बुचाच्या असतील तर आडव्या. एवढी सोय नसेल तर घरच्या फ्रीजचा खालचा कप्पा चालेल, माळा आणि स्वयंपाकघर नको. दुसरी दोन वर्षांनी उघडा आणि तिच्याशेजारी त्याच वायनरीची तेव्हाची ताजी बाटली ठेवा. तिसरी चौथ्या वर्षी.

बिघडलेली कशी ओळखायची

ओला पुठ्ठा किंवा भिजून कुबट झालेलं गोणपाट असा वास आणि फळ गायब: बुचाचा दोष, टीसीए नावाच्या रसायनाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला कळतो. इथल्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे हा कमी भेटतो. व्हिनेगर किंवा नखांच्या पॉलिशचा वास: आंबून गेली. काळवंडलेल्या, चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि रंग तपकिरी: हवा लागली. काडेपेटी किंवा कुजलं अंडं: हवा कमी मिळाली, हा बऱ्याचदा ग्लास फिरवत राहिलं की जातो, नाही तर तांब्याचा स्वच्छ तुकडा ग्लासात क्षणभर बुडवून बघा, अंड्याचा वास पुष्कळ कमी होतो.

टेस्टिंग रूममध्ये असा ग्लास आला तर शांतपणे सांगा, "दादा, ही बाटली कधी उघडली? जरा नवी बघता का?" हा प्रश्न रास्त आहे. काल उघडलेल्या बाटलीवरून कुणाच्याही मेहनतीचा निवाडा करू नये.

आवडली, आणि चांगली आहे

माझ्या वहीत शेवटी दोन वेगळे रकाने असतात. एकात 'आवडली का', दुसऱ्यात 'चांगली आहे का'. नवख्याने सगळ्यात जास्त जपावी अशी गोष्ट हीच. मला कारलं आवडत नाही, पण चांगली झालेली कारल्याची भाजी मला ओळखता येते. तसंच इथे. गोड शेनिन तुम्हाला आवडत असेल तर पहिल्या रकान्यात मनापासून 'हो' लिहा. कुणी नाक मुरडलं तरी ते बदलू नका. दुसऱ्या रकान्यासाठी मात्र चार प्रश्न. आंबट, गोड, तुरट आणि ऊब यांत एखादं वर डोकं काढतंय का? चव किती लांब रेंगाळली? वास स्पष्ट आहे की पुसट? आणि तिसऱ्या-चौथ्या घोटाला काही नवीन सापडलं का, की पहिल्यातच सगळं संपलं? वाइन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये समतोल, लांबी, तीव्रता आणि गुंतागुंत हेच चार निकष शिकवतात. मी त्यात पाचवा घालतो: जातीला आणि गावाला जागली का? शिराझ म्हणून घेतली आणि कुठल्याही रेडसारखी लागली तर माझ्या हिशेबात तिचा एक गुण गेला.

वीस किंवा शंभर गुणांची पद्धत नंतर शिका. सुरुवातीला आकडा लिहिला की माणूस कारण लिहायचं थांबतो.

लेबल झाकून

बोर्दोमध्ये एक प्रयोग झाला होता, 2001 साली प्रसिद्ध झालेला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन वास न येणाऱ्या रंगाने लाल करून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला असा ओढून नेतो. लेबल आणि किंमत तर त्याहून जास्त. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चाखलं तेव्हा कॅलिफोर्नियाच्या 1973 च्या दोन वाइन पहिल्या आल्या: व्हाइटमध्ये शातो मोंतेलेनाची शार्दोने, रेडमध्ये स्टॅग्ज लीपची कॅबर्ने. लेबल दिसत असतं तर असं झालं असतं, असं मला वाटत नाही.

घरी हे अगदी सोपं आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, सुतळी बांधा, वर आकडा टाका. त्याहून उपयोगी आहे तीन ग्लासांची चाचणी. घरातल्या कुणाला तरी सांगा, दोन ग्लासांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी, कोणत्या जागी कोणती ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही वेगळा ग्लास शोधायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून एका बैठकीवर विश्वास ठेवू नका, पाच-सहा वेळा करा. शेनिन-सोव्हिन्योंने सुरुवात करा, ते जमलं की दोन वायनरींच्या शेनिन, मग एकाच वायनरीच्या दोन सालांच्या. माझी वहिनी वाइन पीत नाही, पण फक्त हुंगून वेगळा ग्लास सांगायची. तिचं नाक फोडणीत वाढलेलं आहे.

चाखून झाल्यावर उरलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, वर मार्करने तारीख घाला. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा एक-एक घोट घ्या आणि पहिल्या दिवसाच्या नोंदीखालीच लिहा. काही रेड दुसऱ्या दिवशी जास्त खुलतात, त्या वयाला टिकतील असा अंदाज बांधता येतो. चौथ्या दिवशी सफरचंद काळवंडल्याचा वास आला तर तोही लिहा, आणि उरलेली भाजीच्या रश्श्यात घाला.